मोकळ्या मुळांची सक्युलंट झाडं पोस्टाने पाठवायची तर

पहिल्यांदा झाड पोस्टाने पाठवलं तेव्हा मी त्याची नको तितकी काळजी घेतली. एका मैत्रिणीला एचेव्हेरियाचं, म्हणजे गुलाबाच्या फुलासारखी पानं रचलेल्या एका सक्युलंटचं, रोप हवं होतं. वाटेत तहान लागेल म्हणून आदल्या दिवशी पोटभर पाणी घातलं, मुळांना ओला कापूस गुंडाळला आणि वरून प्लास्टिकची पिशवी गच्च बांधली. सहाव्या दिवशी तिचा फोटो आला. पिशवीत तपकिरी लगदा होता, त्यात कशीबशी दोन पानं ओळखू येत होती. वासाचं वर्णन तिनं लिहून पाठवलं.

त्यानंतर पुष्कळ झाडं पाठवली आणि तितकीच मागवली. काही मोडली, काही सडली, तहानेनं मात्र एकही मेलं नाही. सक्युलंटनं पाण्याचा साठा पानांत, खोडात किंवा जाड मुळांत करून ठेवलेला असतो. त्यातली बहुतेक झाडं दिवसा पानांवरची रंध्रं मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात, त्यामुळे पाणी फारसं उडून जात नाही. निरोगी झाड मातीशिवाय आठवडा-दोन आठवडे सहज काढतं. खोक्यात त्याचे वैरी दोनच, ओल आणि हालचाल. खालची सगळी खटपट या दोघांविरुद्ध आहे.

मग कुंडीसकट का नाही? एक तर वजन. माझ्या काट्यावर एक छोटी हावर्थिया कुंडी-मातीसकट ३४० ग्रॅम भरली, मुळं मोकळी केल्यावर ६०. दुसरं म्हणजे, खोका आडवा झाला की माती सुटते, पानांच्या बेचक्यांत शिरते आणि तिथंच घासत राहते. कुंडी फुटली तर ती आतल्या सगळ्यांना घेऊन फुटते.

जवळ काय काय हवं

जाड पुठ्ठ्याचा खोका (वापरलेला चालेल, कोपरे मऊ पडलेले नकोत), टॉयलेट पेपर किंवा साधा टिशू, वर्तमानपत्र, कागदी चिकटपट्टी, खोक्यासाठी रुंद मजबूत चिकटपट्टी, मऊ ब्रश, धारदार कात्री, कात्री पुसायला ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, शिसपेन्सिल आणि वजनकाटा. काटेरी झाडं असतील तर जाड हातमोजे आणि चिमटा. मदतीला माणूस लागत नाही, पण झाड कुंडीतून काढल्यापासून हाताशी तीन-चार दिवस लागतात. ‘आज संध्याकाळी काढतो, उद्या सकाळी टाकतो’ असं कुणी म्हणालं की मला तो लगदा आठवतो.

१. आधी प्रवासी निवडा

पहिल्याच पार्सलसाठी हावर्थिया, गॅस्टेरिया, सेंपरव्हिवम किंवा छोटं घायपात घ्या. ही झाडं कणखर असतात आणि पानं सहजासहजी सोडत नाहीत. खड्यासारखा दिसणारा लिथॉप्सही चांगला प्रवासी आहे, मोडायला त्याला काही बाहेर आलेलंच नसतं. अडेनियमची पानं काढून पाठवली तरी बिघडत नाही, प्रवासात ती बहुधा गळतातच.

सेडम मॉर्गेनियानम, म्हणजे तो लांब शेपट्यांसारखा लोंबणारा सेडम, सुरुवातीला हातात घेऊ नका. नुसत्या श्वासानं त्याची पानं गळतात असं वाटावं इतका तो नाजूक. अखंड शेपटी पोहोचवायचा हट्ट सोडा, बोटभर तुकडे करा, बुंध्याकडची पानं काढा आणि तुकडे व पानं दोन्ही पाठवा. घेणाऱ्याला त्यातून जास्तच झाडं मिळतात.

नुकतं आणलेलं, नुकतंच कुंडी बदललेलं, फुलावर आलेलं किंवा जरा मरगळलेलं झाड पाठवू नका. फुलाचा दांडा असेलच तर कापून टाका. तो नक्की मोडतो, आणि मोडताना शेजारची दोन पानं घेऊन जातो.

२. पाणी तोडा

काढायच्या आधी सात ते दहा दिवस पाणी बंद. लहान कुंडी आणि कोरडी हवा असेल तर पाच दिवसही पुरतात. पाण्यानं टम्म फुगलेली पानं काचेसारखी असतात, जरा वाकवली की कट्‌दिशी तुटतात. थोडं पाणी उतरलं की तीच पानं लवचिक होतात. कोरडी माती मुळांपासून आपोआप सुटते हा वरचा फायदा.

३. मुळं मोकळी करा

झाड वर ओढू नका. कुंडी आडवी करा, बाजूंनी दाबा किंवा थोपटा आणि झाड मातीसकट बाहेर सरकू द्या. मग बोटांनी खालून वर माती मोकळी करत जा. राहिलेली ब्रशनं झाडा. कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेल्या रोपांचा मुळांच्या मधोमध एक घट्ट गोळा असतो. तो तसाच ठेवायचा मोह होतो, पण आतून ओला असतो तोच. चिमट्यानं कुरतडून काढा, चार बारीक मुळं तुटली तरी चालेल.

वाळलेली, पोकळ किंवा काळी पडलेली मुळं कात्रीनं कापा. प्रत्येक झाडानंतर कात्री अल्कोहोलनं पुसा. शेर आणि त्याच्या भाऊबंदांचा चीक त्वचेला भाजतो आणि डोळ्यांत गेला तर फार त्रास देतो. ही सगळी युफोर्बिया, ती कापताना हातमोजे घाला, मधेच डोळे चोळू नका.

कीड दिसायची हीच वेळ. मुळांवर किंवा पानांच्या बुडाशी कापसाच्या पुंजक्यासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. मुळांवरचा पिठ्या कुंडीत असताना दिसत नाही, त्यामुळे तुमच्याकडे नाहीच असं गृहीत धरू नका. सापडला तर ते झाड पाठवायचं नाही, वेगळं ठेवायचं. ‘अल्कोहोल लावलं, गेला असेल’ म्हणून पुढं ढकललेलं झाड समोरच्याच्या अख्ख्या संग्रहात कीड सोडतं. हे माझ्याकडे आलेल्या एका पार्सलनं मला शिकवलं. त्या आठवड्यात मी चाळीस कुंड्या एकेक करून उलट्या केल्या.

मुळं धुवायची का? मातीचा कणही चालणार नसेल, म्हणजे परदेशी पाठवायचं असेल, तर धुवावीच लागतात. एरवी ब्रश पुरतो. धुतलीत तर वाळवायला आणखी दोन दिवस हाताशी ठेवा.

४. वाळवा

सगळ्यात जास्त घाई इथं होते आणि सगळ्यात जास्त झाडंही इथंच जातात. झाडं वर्तमानपत्रावर एकमेकांना न खेटता मांडा. जागा सावलीची आणि वारा खेळता असलेली हवी, उन्हात उघडी मुळं होरपळतात. कोरडी झाडलेली मुळं असतील तर दोन दिवस, धुतलेली असतील तर चार. हवा दमट असेल तर आणखी. कापलेल्या जागी कोरडी खपली धरायला हवी. खोड जाड असेल, उदाहरणार्थ मोठ्या निवडुंगाचा किंवा युफोर्बियाचा तुकडा, तर खपलीला आठवडा आणि कधी जास्तही लागतो.

वाळलं की नाही याची माझी परीक्षा अशी. मुळांभोवती टिशूचा एक घट्ट वेढा द्यायचा आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी टिशू बोटांत कुरकुरला तर झाड तयार. लिबलिबीत किंवा नुसता मऊ लागला तरी आणखी एक दिवस. एचेव्हेरियासारख्या, पानं गोलाकार रचलेल्या झाडांत गाभ्याशी पाण्याचा थेंब अडकलेला असतो, तोही बघा. टिशूची टोकदार वात करून तो टिपून घ्या. खोक्याच्या अंधारात तो एक थेंब अख्खा गाभा कुजवायला पुरतो.

मुळं या काळात दोरीसारखी सुकलेली दिसतात. घाबरू नका, मातीत गेल्यावर झाड नवी बारीक मुळं काढतं.

५. नाव गुंडाळण्याआधी लिहा

गुंडाळल्यावर सगळी सारखीच दिसतात. कागदी चिकटपट्टीवर शिसपेन्सिलीनं नाव लिहून ती पट्टी बुंध्याला सैल लावा, आणि तेच नाव वरच्या गुंडाळीवरही लिहा. शाई ओलीनं पसरते, पेन्सिल पसरत नाही. पानाला पट्टी चिकटवू नका. एचेव्हेरियावर आणि इतर काही झाडांवर पिठूळ लेप असतो, पट्टी काढताना तो निघून येतो आणि त्या पानावर पुन्हा धरत नाही.

६. गुंडाळण्याचे प्रकार

सगळ्यांना एकच पद्धत लावली की घोटाळा होतो.

*गोलाकार रचलेल्या पानांची, साधी.* झाड मुळाशी धरून उलटं करा. टॉयलेट पेपरची पट्टी तीन-चार पदरी दुमडून सगळ्यात खालच्या पानांच्या बुडाशी गळपट्ट्यासारखी बसवा. प्रवासात पहिली मोडतात ती हीच पानं, कारण झाडाचं वजन त्यांच्यावर येतं. मग झाड सरळ करा, पानांच्या थरांमध्ये टिशूचे लहान बोळे सरकवा, आणि शेवटी बाहेरून पट्टी फिरवत पानं आतल्या बाजूला मिटत न्या, कळी मिटते तशी. किती घट्ट? हलवल्यावर पान कागदात सरकू नये, पण दाबल्यावर कागद थोडा आत जावा. मुळांना कागदाचा वेगळा वेढा द्या. चिकटपट्टी कागदाला कागद जोडण्यापुरतीच.

*पिठूळ लेपाची.* हिला कागद लागला तरी डाग पडतो, बोट लागलं तरी पडतो. जाड पुठ्ठ्याचा तुकडा खोक्याच्या आतल्या मापाचा कापा, त्याला खोडाइतकं भोक पाडा, भोकापासून कडेपर्यंत चीर द्या आणि खोड चिरेतून भोकात सरकवा. पानं वर, मुळं खाली. मुळाची मान खालून कागदी पट्टीनं पुठ्ठ्याला बांधून टाका आणि पुठ्ठा खोक्याच्या भिंतींना चिकटवा. पानांना काहीच टेकत नाही. जागा खूप खाते ही पद्धत, म्हणून ती खास झाडांसाठीच.

*काटेरी निवडुंग.* कापूस आणि टॉयलेट पेपर इथं वर्ज्य, धागे काट्यांत गुंततात आणि आयुष्यभर निघत नाहीत. वर्तमानपत्राचे पाच-सहा पदर घेऊन गुंडाळी करा, दोन्ही टोकं आत दुमडा. लांब सरळ काटे असतील तर आधी थर्माकोलचे तुकडे त्यांवर अलगद रुतवा. ओपन्शियाच्या (फड्या निवडुंगाच्या) केसाळ काट्यांपासून मात्र जपून. ते कागदातून आरपार येतात आणि उघडणाऱ्याच्या बोटांत दिवसभर टोचतात, म्हणून गुंडाळीवर ठळक लिहा: ‘हाताने धरू नका’.

*हावर्थिया, घायपात, सेंपरव्हिवम.* टिशूचा एक थर, वर्तमानपत्राचा एक थर, झालं. फार लाड नकोत.

*सुटी पानं.* कागदाच्या पुडीत ठेवा, पुडी चपट्या कडक डबीत. नुसत्या पाकिटात टाकाल तर टपाल छाटणीच्या यंत्राचे रूळ त्यांचा रस काढतील.

बबल रॅप झाडाला थेट लावू नका, आत ओल कोंडते. बाहेरून चालेल. प्लास्टिकची पिशवी कुठंच नको.

७. खोका आणि त्याचं गणित

पार्सलचा खर्च नुसत्या वजनावर ठरतो असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पुष्कळ कुरिअर सेवा आकारमानाचं वजनही काढतात: लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायची. उत्तर किलोत येतं, आणि खरं वजन व हे वजन यांतलं जे जास्त असेल त्यावर पैसे लागतात. ३० × २० × १५ चा खोका १.८ किलो ठरतो, मग आत पाव किलोचीच झाडं का असेनात. तीच झाडं २० × १५ × १० मध्ये बसवली तर ०.६ किलो. भाजक सेवेगणिक बदलतो, टपाल खात्याचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून आधी विचारा आणि मग खोका निवडा. आधी खोका भरून नंतर दर विचारणारा माणूस जास्त पैसे देऊन घरी येतो.

जुन्या खोक्याची उंची कमी करणं सोपं आहे. चारही कोपऱ्यांवर हव्या त्या उंचीपर्यंत उभी चीर द्या, त्या रेषेवर धार नसलेल्या वस्तूनं दाबून घडी पाडा आणि कडा आत मिटा. जुने पत्ते आणि बारकोड मात्र पूर्ण खरवडा किंवा झाका. यंत्र जुना बारकोड वाचतं आणि झाड भलत्याच गावाला जातं.

भरताना तळाशी चुरगळलेल्या कागदाचा बोटभर थर, जड झाडं खाली, हलकी वर, मधल्या सगळ्या फटींत कागद, वर पुन्हा थर. झाकण लावताना किंचित दाबावं लागलं पाहिजे. बंद करण्याआधी कानाशी धरून हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर उघडा आणि आणखी कागद भरा. मी नंतर कमरेच्या उंचीवरून एकदा खाटेवर टाकूनही बघतो. बघणाऱ्यांना ते विचित्र वाटतं, पण वाटेत त्याहून वाईट होणार असतं.

‘ही बाजू वर’ असा बाण जरूर काढा, पण त्यावर विसंबू नका. मी एकदा तसाच बाण काढलेला खोका खिडकीवर दिला आणि माझ्यासमोरच तो उलटा करून ढिगावर ठेवला गेला. कुणाचा दोष नाही, ढीग तसाच रचतात. सहाही बाजूंवर उलटला तरी आतलं जागचं हलू नये असाच खोका भरायचा.

तळाच्या आणि झाकणाच्या मधल्या सांध्यांवर आणि दोन्ही आडव्या कडांवर चिकटपट्टी लावा. पुठ्ठ्यातून पुरेशी हवा जाते, भोकं पाडायची गरज नाही. पत्ता सगळ्यात मोठ्या बाजूवर, आणि त्याच पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आतही. बाहेरचा कागद निघाला तर आतला कामी येतो.

८. दिवस आणि हवा

आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी टाका. शेवटच्या दिवशी टाकलेलं पार्सल सुट्टीभर कुठल्या तरी गोदामात पडून राहतं. सर्वांत महाग सेवा घेण्याची गरज नसते. नीट वाळवलेलं झाड पाच दिवस आरामात काढतं, पण मागोवा क्रमांक असलेली सेवाच घ्या.

उन्हात उभी असलेली बंद गाडी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, तेव्हा उष्णतेच्या लाटेत थांबा. कडाक्याच्या थंडीतही थांबलेलं बरं, कारण पानातलं पाणी गोठलं की पेशी फुटतात. सेंपरव्हिवम आणि काही सेडम याला अपवाद. पाठवणं टाळता येत नसेल तर उष्णता देणारी पुडी ठेवतात. तिच्यातली लोखंडाची भुकटी हवेशी संयोग पावून तापते. म्हणजे तिला हवा हवी, प्लास्टिकमध्ये गुंडाळली तर ती विझते. आणि झाडाला टेकवली तर पान भाजतं. झाकणाच्या आतून चिकटवा, मधे कागदाचा थर ठेवा.

९. सीमेपलीकडे पाठवायचं असेल तर

हे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि भेट आहे म्हणून यातून सूट मिळते हा मोठा गैरसमज. बहुतेक देश माती येऊ देत नाहीत आणि वनस्पती निरोगी असल्याचा अधिकृत दाखला मागतात. तो पाठवणाऱ्या देशाचा कृषी किंवा वनस्पती संरक्षण विभाग देतो. काही ठिकाणी घेणाऱ्यालाही आयात परवाना आधी काढावा लागतो.

त्याशिवाय १९७५ पासून लागू असलेला साइट्स हा धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार आहे. काही अपवाद सोडले तर संपूर्ण निवडुंग कुळ त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात येतं, रसाळ युफोर्बिया येतात, कोरफडीच्या जातीही येतात. आपली नेहमीची औषधी कोरफड मात्र वगळलेली आहे. दुसऱ्या परिशिष्टातल्या झाडाला निर्यात परवाना लागतो. अॅरिओकार्पससारखे काही निवडुंग पहिल्या, अधिक कडक परिशिष्टात आहेत. कागद नसतील तर झाड जप्त होतं. हावर्थिया आणि एचेव्हेरिया तुलनेनं सुटसुटीत, तरी आरोग्य दाखला त्यांनाही लागतोच. पहिल्या पार्सलला हा रस्ता घेऊ नका.

१०. घेणाऱ्याला चिठ्ठी

तुमचं काम चोख झालं तरी समोरचा माणूस उत्साहानं झाड उघडतो, लावतो आणि लगेच भरपूर पाणी घालतो. म्हणून खोक्यात सगळ्यात वर एक चिठ्ठी ठेवा. मी अशी लिहितो:

‘पार्सल मिळाल्या दिवशीच उघडा. कागद ओढू नका, उलटा फिरवत सोडवा. झाडं एक-दोन दिवस सावलीत उघडी ठेवा. मग कोरड्या, निचऱ्याच्या मातीत लावा आणि पाच ते सात दिवस पाणी घालू नका. ऊन रोज थोडं थोडं वाढवत दहा दिवसांत नेहमीच्या जागी न्या. खालची पानं सुरकुतली किंवा पिवळी पडली तर काळजी नको. बुंधा काळा आणि मऊ लागला तर वरचा निरोगी भाग स्वच्छ दिसेपर्यंत कापा, वाळवा आणि मला फोटो पाठवा.’

चिठ्ठीत एक ओळ मी अलीकडे वाढवली आहे. खोक्याच्या तळाशी चार-सहा पानं गळून पडलेली सापडतात आणि लोक ती कागदासकट टाकून देतात. पान बुडाशी अखंड सुटलेलं असेल तर कोरड्या मातीवर नुसतं आडवं ठेवायचं, पुरायचं नाही. पानफुटीसारखं झटपट काही होत नाही, तीन-चार आठवडे वाट बघावी लागते. मग बुडाशी आधी गुलाबी दोऱ्यासारखी मुळं दिसतात आणि त्यांच्या शेजारी डाळीएवढं पिल्लू. सगळीच पानं धरत नाहीत. माझ्याकडे दहातली सहा धरली तरी मी खूश असतो.